मामीचे पस्तीस मार्क

मागे आवाज येतोय ना? हां. तर कार्डावर विषय छापलाय 'पेशंटचं जगणं प्रश्नावलीने मोजायचं कसं', मला वेळ दिलाय पंचवीस मिनिटं आणि त्यातली सात सत्कारातच गेली, नारळाबद्दल आभार. तुम्ही बहुतेक सगळे फिजिओवाले नाहीतर नर्सिंगवाले, त्यामुळे एक्स-रे आणि पेशंटचं पटतंच असं नाही हे काय मी सांगायला नको. फिल्ममध्ये गुडघा पार घासलेला आणि बाई वारी चालून आलेल्या. म्हणून तर त्यांनाच विचारायचं, फॉर्म भरून घ्यायचा.

आता माझ्या मामीचं सांगतो, थोडं लांबेल. गुडघ्यांसाठी ती वोमॅक प्रश्नावली आहे ना, कॅनडात १९८० च्या दशकात झालेली, २४ प्रश्न, ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे आणि १७ रोजच्या कामांचे, त्रास नसला की शून्य आणि फारच असला की ४. इंटर्नशिपच्या वेळी आमच्याकडे तिचं कुणीतरी हाताने केलेलं मराठी होतं, झेरॉक्सची झेरॉक्स. प्रॅक्टिस म्हणून मी सुट्टीत मामीला बसवलं. मोजे घालताना त्रास होतो का? 'नाही रे.' शून्य. काढताना? 'अजिबात नाही.' शून्य. कारमधून चढ-उतार करताना? शून्य. बाथटबमध्ये जाताना-येताना? शून्य. मी खूश, गुडघा एवढा चांगला! मग डोक्यात प्रकाश पडला, म्हटलं मामी, तू मोजे घालतेस कधी? 'मी कशाला घालू मोजे? तू विचारलंस म्हणून सांगितलं. त्यापेक्षा एसटीची पायरी विचार की, तिथे जीव जातो. आणि देवापुढून उठताना कपाट धरते ते कुठे लिहिलंस?'

कुठेच नाही. फॉर्ममध्ये जागाच नव्हती. चार शून्यं मात्र फुकटात.

पुढे तिला ती उभी पट्टी दाखवली, ईक्यू-फाइव्ह-डीची, म्हणजे एकूण तब्येत मोजायच्या दुसऱ्या प्रश्नावलीची, ० म्हणजे कल्पना करता येईल तेवढी वाईट तब्येत आणि १०० म्हणजे तेवढीच उत्तम. मामी म्हणाली, 'पस्तीस लिही. पास झाल्याशी मतलब.' आता हे पस्तीस तब्येतीचे की दहावीचे? हसताय, पण तो आकडा मी एक्सेलमध्ये टाकला होता.

बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय राहिलाच, पटापट घेतो. भाषांतर करताना इंग्रजीतून मराठी करतात, मग दुसरा माणूस त्याचं परत इंग्रजी करतो आणि दोन्ही जुळवून बघतात. मोज्यांचा प्रश्न यात पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास होतो! गडबड शब्दात नाहीच, मामीच्या घरात आहे, आणि ती सापडते ती तिसऱ्या पायरीवर, पाच-सात पेशंटसमोर बसून 'तुम्हाला काय कळलं, असं करता का कधी' विचारलं तरच. वेळ कमी पडला की पहिली कात्री नेमकी इथेच लागते.

दुसरं, ईक्यू-फाइव्ह-डीत प्रश्न ५, नव्या आवृत्तीत प्रत्येकाला उत्तराच्या ५ पायऱ्या, म्हणजे तब्येतीच्या ३१२५ अवस्था होतात आणि कुठलीला किती किंमत द्यायची हे त्या त्या देशातल्या लोकांना विचारून ठरवतात. भारताचा स्वतःचा किमतींचा तक्ता २०२२ मध्ये छापून आलाय, तेव्हा आता इंग्लंडचा लावायचं कारण उरलेलं नाही. तिसरं, माणूस दुखण्याला सरावतो, जिना चढणंच सोडतो आणि म्हणतो त्रास नाही, त्यामुळे स्कोअर सुधारला की आधी विचारा, काय काय बंद केलंत?

आणि हो, फॉर्म भरताना नातेवाइकांना चहाला पाठवा. रात्री झोपेत दुखतं का, या प्रश्नाला मामीच्या आधी मामाच बोलले होते, 'छे, घोरत असते चांगली', आणि मी तेही लिहून घेतलं. शून्य.