थांबा मिळावा

(दृश्य: लोकसभेचं सभागृह. बरीच बाकं रिकामी.)

प्रश्नोत्तराचा तास संपलाय. बारा वाजून गेलेत. मागच्या रांगेतले एक खासदार उठतात, हातातल्या कागदावर नजर टाकतात आणि भरभर बोलू लागतात. एक्स्प्रेस आमच्या स्टेशनावरून जाते, पण थांबत नाही. ती थांबावी. मागणी एवढीच. वेळेत आटोपलं नाही तर माइक बंद होतो आणि उरलेलं वाक्य तोंडातच राहतं.

हा शून्य प्रहर. लोकसभेच्या नियमांच्या पुस्तकात हा शब्द सापडत नाही. साठच्या दशकात खासदारांनीच ही रीत पाडली. प्रश्नोत्तरं संपलेली, दिवसाचं ठरलेलं कामकाज अजून सुरू व्हायचंय, त्या मधल्या फटीत घुसून तातडीचं काय ते बोलून घ्यायचं. आता तिथेही शिस्त आलीय. नोटीस द्यावी लागते, तिची सोडत निघते. कधी कधी अध्यक्ष हात सैल सोडतात. १८ जुलै २०१९ रोजी १६१ खासदार बोलले होते. ३ एप्रिल २०२५ रोजी २०२. राज्यसभेत मात्र २०१४ पासून शून्य प्रहर सकाळी अकरालाच असतो, प्रश्नोत्तरांच्या आधी.

ज्याला इथे वेळ मिळत नाही, त्याच्यासाठी लोकसभेचा नियम ३७७ आहे. अडीचशे शब्दांत विषय लिहून द्यायचा. तो वाचायला मिळेलच असं नाही. पुष्कळदा सगळे कागद एकदमच पटलावर ठेवले जातात. म्हणजे गावाची तक्रार संसदेत पोहोचली, नोंद झाली, आणि ती कुणाच्याही कानावर पडली नाही. तरी या कागदाला एक किंमत आहे. संबंधित मंत्रालयाने महिन्याभरात खासदाराला उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. शून्य प्रहरात कितीही पोटतिडकीने बोला, उत्तर द्यायला मंत्री बांधलेला नाही.

अशा मागण्यांची यादी चाळत गेलं की मौज वाटते. उड्डाणपूल, मोबाइलचा टॉवर, पासपोर्ट कार्यालय, पीकविम्याचे अडकलेले पैसे. काही विषय तर राज्याच्या अखत्यारीतले. दिल्लीत बोलून उपयोग नाही हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण केंद्राचं काय आणि राज्याचं काय हे वाटून देणारी घटनेची सातवी अनुसूची मतदाराला पाठ नसते. रस्ता खराब आहे एवढंच त्याला कळतं.

(दृश्य: लासलगावचा कांदा बाजार. ट्रॅक्टरांची रांग.)

आणि ‘स्थानिक’ कशाला म्हणायचं? कांदा घ्या. पिकतो नाशिकच्या, पुण्याच्या, नगरच्या शेतात. त्याने देशाबाहेर जायचं की नाही, हे ठरतं दिल्लीत. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हा संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. नाशिकच्या खासदाराला तो शेतकऱ्याच्या घामाचा भाव; शहरातल्या खासदाराला तोच कांदा म्हणजे महागाई. एकाच कांद्याची दोन गाऱ्हाणी, आणि दोन्ही खरी.

पुढच्या पाच दिवसांत त्या अधिवेशनाचा नूरच पालटला. १३ डिसेंबरला, शून्य प्रहर चालू असतानाच, प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी सभागृहात उड्या मारल्या. गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधकांनी गदारोळ केला आणि निलंबनं सुरू झाली. दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार बाहेर गेले. त्यांत बारामतीच्या सुप्रिया सुळे होत्या, शिरूरचे अमोल कोल्हेही होते. जुन्नर, आंबेगाव, खेड हा शिरूर मतदारसंघातला कांद्याचा पट्टा. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न लहान नव्हताच. पण त्या दिवसांत त्या पट्ट्यातला कांदा घेऊन उभं राहायला तिथला माणूस सभागृहात नव्हता. निर्यातबंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, लोकसभेचं मतदान चालू असताना, आणि तीही चाळीस टक्के शुल्क लावून.

(दृश्य: कोकण रेल्वेचा पूल. पाऊस.)

काही मागण्या मात्र माणसांपेक्षा जास्त जगतात. राजापूर मतदारसंघातून १९५७ साली बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत गेले. वक्तृत्वासाठी त्यांना आजही आठवतात, पण त्यांच्या मतदारांना हवी होती रेल्वे. मुंबईला जायचं तर बोट, नाहीतर घाटातली एसटी. अर्धं कोकण मुंबईच्या गिरण्यांत कामाला आणि घरी यायला धड वाट नाही, हे दिल्लीला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. नाथ पै तीनदा निवडून आले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा रेल्वेचा पत्ता नव्हता.

त्याच वर्षी त्याच जागेवरून मधु दंडवते निवडून आले, आणि ती निवडणूक धरून सलग पाचदा. १९७७ मध्ये तर ते स्वतःच रेल्वेमंत्री झाले. आता झालंच, असं कोकणाला वाटलं असेल. नाही झालं. रोह्यापर्यंत गाडी यायलाच १९८६ उजाडलं. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असा योग जुळला. मागणारा आणि पैसे देणारा एकच! त्या वर्षी कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. १९९८ मध्ये रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर ही ७४१ किलोमीटरची वाट पूर्ण झाली. नाथ पैंच्या पहिल्या निवडणुकीपासून मोजलं तर एकेचाळीस वर्षं.

राजापूर हा लोकसभा मतदारसंघ आता उरलेला नाही. पुनर्रचनेनंतर त्याचं रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. गाड्या मात्र रोज धावतात, आणि कित्येक स्टेशनांवरून न थांबता निघून जातात. म्हणून कोकणातून अजूनही दिल्लीला कागद जातात, मागणी एका शब्दाने बदललेली: रेल्वेऐवजी थांबा.

रेल्वे मंत्रालयाचं उत्तर येतं. बहुतेक वेळा त्याचा मजकूर ओळखीचाच असतो: थांबा देणं ही निरंतर प्रक्रिया आहे; प्रवाशांची संख्या आणि परिचालनाची शक्यता पाहून निर्णय घेतला जातो. खासदारांचा स्वीय सहायक ते फायलीला लावतो आणि पुढच्या अधिवेशनासाठी त्याच विषयाची नवी नोटीस टाइप करायला घेतो.