प्लेलिस्टमधून गीतलेखनाकडे

श्रोते हो, नमस्कार. आपल्या कोल्हापुरात गाणी लिहू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना मी आधी एक प्लेलिस्ट करायला सांगतो. मात्र ती पावसाची किंवा प्रवासाची गाणी अशी नसावी; लिहिताना जो प्रश्न आपल्याला अडवतो, तोच तिचा विषय असावा.

अंतऱ्याकडून ध्रुवपदाकडे, म्हणजे कडव्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीकडे, परत कसे यायचे, हा असाच एक प्रश्न. केवळ या जागेसाठी आठ-दहा गाणी निवडून लागोपाठ ऐकावीत. पुष्कळ गाण्यांत अंतऱ्यातल्या आधीच्या ओळींचे यमक आपापसांत जुळते, शेवटची ओळ मात्र ध्रुवपदाचे यमक उचलते आणि ते कानावर पडताच ध्रुवपदाची चाहूल लागते. काही गाण्यांत अंतऱ्याचे वाक्यच अपुरे राहते व ध्रुवपद ते पूर्ण करते. ही दुसरी रीत मला अधिक अवघड आणि अधिक सुंदर वाटते, कारण तेच शब्द दर खेपेला नवा अर्थ घेऊन यावे लागतात.

यादीत अभंग अवश्य असावा. ‘मोठा अभंग’ या छंदाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. ती बोटांवर मोजत ऐकावीत. त्याला लागून ढोलकीवरची लावणी ठेवली, की ओळीची चाल शब्दांच्या निवडीवर कसा ताबा ठेवते, हे समजते. जुनी भावगीतेही घ्यावीत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे गीतकाराला पाल्हाळ परवडत नसे.

एक यादी फक्त जगदीश खेबुडकरांची करावी. १९३२ साली कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या, शिक्षकी पेशातील या कवीने चित्रपटांसाठी लावणीही लिहिली आणि भक्तिगीतही. दोन्ही शेजारी ठेवून, गाणे कोणाच्या तोंडी आहे हे बदलताच संबोधने, क्रियापदे, उपमा कशा बदलतात, ते वहीत उतरवून काढावे. नुसते ऐकून हे हाती लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मग स्वतःचे गाणे लिहावे, मोबाइलवर गुणगुणून ध्वनिमुद्रित करावे आणि यादीच्या मधोमध ठेवून सलग ऐकावे. ज्या ओळीपाशी पुढचे गाणे कधी लागते असे वाटू लागेल, ती ओळ पुन्हा लिहायला घ्यावी.