गाठ सुटते तेव्हा

(दृश्य : सोसायटीचा जिना. पावलांचा आणि बादलीच्या कडीचा आवाज.)

सकाळचे सव्वासात. पुण्यातली एक जुनी सोसायटी, दुसरा मजला. दोन दारांबाहेर दोन-दोन बादल्या. तिसऱ्या दाराबाहेर एकच काळी पिशवी, घट्ट गाठ मारलेली.

दारोदारचा कचरा गोळा करणाऱ्या मावशी गाठ सोडतात. वरणभात, चहाचा चोथा आणि त्यात भिजलेला कुठल्याशा पार्सलचा पुठ्ठा. दोन बोटांनी उचलून त्या तो झटकून बघतात. "गेला हा," म्हणतात आणि ओल्यात टाकतात.

शेवटी सगळं एकाच गाडीत जातं, मग घरात वेगळं करून उपयोग काय? हा प्रश्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी विचारलाय. हा पुठ्ठा कोरडा असता तर आज दुपारी विकला गेला असता.

(दृश्य : पत्र्याची शेड. गोणी उलटी होते.)

दहा वाजलेत. मावशी गोणी उलटी करतात आणि पुढचा दीड तास जमिनीवरून उठत नाहीत. त्यांचे हात बघा. पाण्याची बाटली कुठल्याही कंपनीची असो, इथे तिचं नाव बिसलरी. झाकण काढून वेगळं, कारण त्याचं प्लास्टिक निराळं. पाण्यात टाकलं तर बाटलीचा चुरा बुडतो, झाकणाचा तरंगतो. शाम्पूची बाटली वेगळी, दुधाची पिशवी वेगळी. पांढरा कागद, वर्तमानपत्र, पुठ्ठा असे तीन ढीग, तिघांचे तीन भाव. काच फुटकी असली तरी चालते, ती कितीही वेळा वितळवता येते. ॲल्युमिनियमचा कॅन हाती आला, की मावशी तो टाचेखाली चेपतात आणि अगदी जवळ ठेवतात. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाचेक टक्क्यांत जुनं वितळतं. भंगाराच्या दुकानात या हिशेबालाच भाव म्हणतात.

कागदाचं तसं नाही. दर फेरीला त्याचे तंतू आखूड होतात. पाच-सात फेऱ्या झाल्या की त्यात दम राहत नाही. बाटलीचा धागा होतो, धाग्याचं कापड होतं, आणि बहुतेकदा प्रवास तिथेच थांबतो.

आता ही दुधाची पिशवी जवळून बघा. कोपरा कापून टाकलेला नाही, नुसती चीर दिली आहे. कापलेला तुकडा नखाएवढा असतो, तो कुणाच्याच हाताला लागत नाही आणि गटारात जातो. ही पिशवी विसळलेली आहे, वाळवलेली आहे. मावशी न बघता सांगतात, "दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची."

(दृश्य : जुनी छायाचित्रं. ओळखपत्र.)

ही पारख एका दिवसात आलेली नाही. १९९३ साली पुण्यातल्या कचरावेचकांनी संघटना बांधली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच मालाची यादी! पाठीशी कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढावांसारखा माणूस होता. तोवर उकिरड्यावर वाकलेल्या बाईला चोर म्हणून हटकणं ही रोजची गोष्ट होती. मग ओळखपत्रं आली, त्यांना महापालिकेची मान्यता आली. २००८ साली कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि उकिरड्यावरची बाई जिना चढून दारापर्यंत आली. घराघरातून महिन्याचं शुल्क, शिवाय सुका माल विकून येईल ते तिचं. घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करा, असं सांगणारे केंद्राचे नियम आले २०१६ मध्ये. या बायका आठ वर्षं आधीच दारात उभ्या होत्या.

आणि जे कुणीच वेचलं नाही, ते वर्षानुवर्षं पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोवर गेलं. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या.

वापरलेले पॅड आणि डायपरही मावशींच्याच हातातून जातात. ते आम्ही चित्रित केलेलं नाही. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता कळतं.

(दृश्य : गच्ची. खताचा ड्रम. मुठीतली काळी माती.)

आपल्या घरचा निम्म्याहून जास्त कचरा ओलाच असतो, आणि त्याला गाडीची गरजच नाही. भाजीची देठं, वर वाळका पाला, पुन्हा देठं. वास आला तर पाणी जास्त झालंय. आणखी मूठभर पाला टाकायचा, काठीने हलवायचं. दीड-दोन महिन्यांनी ड्रममधून निघतं ते हे. कांद्याची साल कुठे दिसतेय का, शोधा.

(दृश्य : शेड. उरलेला चकाकता ढीग.)

सगळं वेगळं झाल्यावर हे उरलं. वेफर्सची पाकिटं, बिस्किटांची वेष्टणं, शाम्पूच्या पुड्या. यातल्या कितीतरी वेष्टणांत प्लास्टिकवर धातूचा पापुद्रा, त्यावर पुन्हा प्लास्टिक असतं. हे थर सुटे करणं कुणाला परवडत नाही. काहींवर त्रिकोण छापलाय, आत आकडा. तो आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, ते कुणी विकत घेईल असं सांगत नाही.

या ढिगाचं दारात उभं राहून काही करता येत नाही, जे करायचं ते वाण्याच्या दुकानात. घरून डबा नेला तर पोहे-रवा सुटा मिळतो. दहा पुड्यांऐवजी एक बाटली घेतली, तर निदान बाटली भंगारवाल्याच्या काट्यावर तरी चढते.

(दृश्य : दुपार. शेडच्या पायरीवर कागदी कप.)

चित्रीकरण संपलं. पायरीवर सात कप राहिलेत. कप आमचेच, सकाळपासूनच्या चहाचे. मावशी एक उचलतात आणि आतून नख फिरवतात. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सुटून वर येतो.

"हा कागदात टाकू, का प्लास्टिकमध्ये?"

आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नाही. त्यांनी सातही कप चकाकत्या ढिगावर ठेवले आणि गोणीचं तोंड बांधायला घेतलं.