आधी ओटीपी सांगा, मग तब्येत

नमस्कार मंडळी, तमाम सोलापूरकरांना रामराम. आज बोलायचंय फौजेत राहून बाहेरून शिकणाऱ्या पोरांबद्दल. दिल्लीचं इग्नू हे मुक्त विद्यापीठ 1985 पासून, आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून, त्यामुळं बारावीनंतर भरती झालेल्या कितीतरी जवानांनी ड्युटी करत करत बीए केलं. पूर्वी पुस्तकांचा गठ्ठा पोस्टानं यायचा. आता पीडीएफ, व्हिडिओ, पोर्टल. कोर्स तोच, फी तीच, पण रेंज सारखी नाही. एकाच पलटणीत ऑफिसातल्या क्लार्कपुढं कॉम्प्युटर, आणि पुढच्या चौकीवर जाणाऱ्याचा फोन खालच्या तळावर जमा. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे म्हणा, 2020 ला लष्करानं फेसबुकसकट 89 अ‍ॅप काढायला लावली होती, असा एक हुकूम आमच्या घरातल्या पोरांसाठी निघाला तर मी पेढे वाटीन. असो.

तर आमचा भाचा, मोहोळ तालुक्यातला. फॉर्म भरला तेव्हा पोस्टिंग पुण्यात, वायफाय जोरात, म्हणून छापील पुस्तकं नकोत, पीडीएफ चालेल अशी टिक केली, फीत थोडी सूट होती ना. दोन महिन्यांत बदली लडाखला. नेमकं कुठं ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. एक दिवस सूनबाईचा फोन, "मामा, परीक्षा ह्यांना द्यायचीय आणि पुस्तकं माझ्या मोबाइलमध्ये हायत."

मग काय, आम्ही दोघं पार्क चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात. प्रिंट काढल्या, स्पायरल केलं, बिल फीत वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त झालं. पार्सल 56 एपीओच्या, म्हणजे फौजेच्या पोस्टाच्या पत्त्यावर रवाना. सूनबाईनं त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडीपण घातली, वाटेत तेल सुटलं आणि इतिहासाचं निम्मं पुस्तक पार्सलातच चटणी खाऊन बसलं. पोरानं तसंच वाचलं. असाइनमेंट हातानं लिहून परत पोस्टानं घरी, सूनबाईनं एकेक पानाचा फोटो काढला, पोर्टलवर टाकायला गेली तर ओटीपी मागतंय, आणि तो येणार कुठं, तर भाच्याच्या नंबरवर, फोन खाली पेटीत बंद!

शेवटच्या तारखेला दोन दिवस राहिलेले. तेवढ्यात तो खाली आला, फोन हातात मिळाला, घरी लावला. तो विचारतोय कशीयेस, पोरगी कशीय, आणि सूनबाई ओरडतीय, "आधी ओटीपी सांगा, मग तब्येत!"

भरलं एकदाचं. म्हणून सांगतो, फौजेतल्या पोरांनो, ऐकताय ना, फॉर्म भरताना सूट बघू नका, छापील पुस्तकंच मागा. परत सांगतो, छापीलच मागा, आणि मोबाइल नंबर घरातल्या माणसाचा द्या. आमच्या भाच्यानं आता दोन्ही केलंय. चटणीपण स्टीलच्या डब्यातनं जाते.