जागरणाशी तडजोड

नमस्कार, श्रोतेहो. गोव्यातल्या डिचोलीत आमच्या वाड्यावर पहाटे पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की लोक उठू लागतात. माझा मात्र कित्येक वर्षे तेव्हाच कुठे डोळा लागत असे. रात्री दहाला अंथरूण धरायचे, तासन्‌तास कूस बदलायची आणि ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे शाळेत घोटलेले वचन स्वतःलाच सुनावायचे, असा तो नेम होता.

१७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळ सांगणारे घड्याळ त्या झाडाच्या आतच होते. असेच घड्याळ आपल्याही मेंदूत असते. त्याचा फेरा बहुतेकांत २४ तासांहून किंचित मोठा असतो आणि सकाळचा उजेड तो रोज जुळवून घेतो. काहींचे घड्याळ मात्र उपजतच उशिरा चालते, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. (तसे पाहिले तर प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली असल्याने गोव्यातला सूर्यही भिंतीवरच्या घड्याळाच्या सरासरी अर्ध्या तासाहून अधिक मागे असतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही.)

आपले घड्याळ असे आहे याचा स्वीकार म्हणजे हात टेकणे नव्हे. ‘आता झोपलेच पाहिजे’ असे मनाला बजावले की शरीर उलट सावध होते, छाती धडधडू लागते आणि मूळच्या जागरणात काळजीच्या जागरणाची भर पडते. ही भर तेवढी टाळता येते. मी घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवले. झोप येत नसली की दिवा न लावता बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, जाऊन बसू लागलो. ‘उद्या कामात चुका होतील’ हा विचार आला तर त्याच्याशी वाद न घालता, पागोळ्या ऐकाव्यात तसा तो ऐकू लागलो. कामावर दुसरी पाळी मागून घेतली, उठण्याची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही बदलली नाही, आणि उठल्यावर पहिला अर्धा तास उन्हात काढला. झोपेत घोरणे व श्वास अडकणे, किंवा मन सतत खिन्न राहणे, असे काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. तिथे नुसत्या स्वीकाराचा उपयोग होत नाही.

अजूनही महिन्यातल्या चार-पाच रात्री तशाच जातात. भोंगा वाजतो तेव्हा मी जागाच असतो. मग दार उघडून सायकलवरच्या टोपलीतले चार गरम उंडे (गोल पाव) घेतो आणि चहाचे आधण ठेवतो.