तुला कुणी घडवलं?

(पुण्यातल्या एका कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक समाजात, पालक आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

पत्रिकेत माझा विषय ‘मुलांना आणि नवागतांना श्रद्धेचे पाठ’ असा छापलाय. त्याकडे येतेच, पण आधी एका मुलीबद्दल सांगू द्या.

आठ वर्षांची होती. घर नगर जिल्ह्यातून आलेलं, राहायला येरवड्यात. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या तयारीच्या, वर्गात पहिल्याच रविवारी मी धर्मशिक्षणाच्या पुस्तकातला पहिला प्रश्न विचारला, ‘हू मेड यू?’ खणखणीत उत्तर आलं, ‘गॉड मेड मी!’ मी खूश. मग सहज मराठीत विचारलं, ‘बाळा, तुला कुणी घडवलं?’ म्हणाली, ‘आईनं.’ आणि आईला? ‘आजीनं.’ आणि आजीला? ती थांबली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, ‘आजी गावाला असते. विचारून सांगते.’

हसा, हसा. मीही हसले होते. पण घरी जाताना पोटात कालवलं. इंग्रजीतलं उत्तर तिनं पाठ केलं होतं. मराठीत मात्र ती विचार करत होती. आणि पुढच्या रविवारी ती खरंच विचारून आली! आजीनं सांगितलं होतं, ‘ज्यानं ज्वारीत दाणा भरला, त्यानंच मला घडवलं.’ त्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. निर्मितीचा अख्खा पाठ आजीनं घेतला होता.

तेव्हापासून माझा हट्ट आहे, मूल ज्या भाषेत रडतं आणि भांडतं, त्याच भाषेत त्याला प्रार्थना द्या. याच मुलीला येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतलं ‘डेली ब्रेड’ म्हणजे काय विचारलं, तर म्हणाली, सकाळचा पाव. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ म्हटल्यावर तिला परातीतले आईचे हात दिसले.

हा हट्ट काही नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. 1579 मध्ये गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं, बायबलची कथा सांगणारं क्रिस्तपुराण रचलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना कानाला ओळखीचं काही हवं होतं. हे पुराण 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. अक्षरं परकी, पण ओवी आपली. लहानांसाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तरंही लिहिली; ती त्यांच्या निधनानंतर, 1622 मध्ये छापली गेली. आणि आपलं पुणं? इथल्या जुन्या कॅथलिक चर्चची, सिटी चर्चची, जागा 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली. आपण पेठेत रुजलो, मग मुलांना लष्करातल्या, म्हणजे कॅम्पातल्या, इंग्रजीत का शिकवतो? एका वर्गात मराठीत प्रार्थना म्हणणाऱ्या मुलाला ‘नीट म्हण’ असं दटावताना मी ऐकलंय. ते अजून सलतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. नवागतांचं भरभर सांगते.

मोठ्या वयात ख्रिस्ती श्रद्धेत येणाऱ्याला पुस्तक देऊन मोकळं होऊ नका. चर्चनं त्याच्यासाठी टप्पे ठेवलेत. आधी शोधाचा काळ, तेव्हा त्याला विचारू द्या. मग स्वागतविधी आणि दीर्घ शिक्षण, सोबत धर्मपिता किंवा धर्ममाता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेवटची तयारी. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणरात्री स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार आणि ख्रिस्तशरीर म्हणजे कम्युनियन, तिन्ही एकत्र. त्यानंतर पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे साधारण सात आठवडे, त्याला एकटं सोडायचं नाही. आपण नेमके तिथेच हात सोडतो.

शिकवायचं काय? कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथाचे चार भाग आहेत: आपण काय मानतो, सात संस्कार, आज्ञांप्रमाणे जगणं आणि प्रार्थना. मुलांबरोबर मी शेवटापासून सुरुवात करते, आधी प्रार्थना. मोठ्यांना प्रभू येशूची गोष्ट आधी सांगते, आज्ञा नंतर. का, ते सांगायला आता वेळ नाही.

येत्या रविवारी नऊच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, मी मागच्या खोलीत बसते आहे. ज्यांना शिकवायचंय त्यांनी या. आजींना जरूर घेऊन या.