आडात आहे, पोहऱ्यात येत नाही

(डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात मराठी मंडळींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येण्यापूर्वी बाहेर चहाच्या टेबलाशी मी सात-आठ जणांना एकच प्रश्न विचारला. उन्हाळ्यात तुमच्या घरातली कुठली खोली नकोशी होते? उत्तर द्यायला कुणालाच विचार करावा लागला नाही. गॅरेजवरची खोली. पश्चिमेची वरची बेडरूम. गेमरूम. यातली बहुतेक घरं पाच वर्षांच्या आतली आहेत. घर नवं, एसी नवा, आणि तरी ऑगस्टमध्ये त्या खोलीत पंखा लावून झोपावं लागतं. मग आपण म्हणतो, "टेक्सासचा उन्हाळाच तसा." मला आज तेवढंच खोडून काढायचं आहे. बहुतेक वेळा दोष उन्हाळ्याचा नसतो आणि यंत्राचाही नसतो. यंत्र आणि खोली यांच्यामधली नळी नीट टाकलेली नसते.

आपण मराठी माणसं ही गोष्ट चटकन ओळखत नाही, त्याला कारण आहे. पुण्यात किंवा सांगलीत घरी एसी बसवला तर तो स्प्लिट. भिंतीतून तांब्याच्या बारीक नळ्या आत येतात, त्यांतून वायू फिरतो आणि हवा खोलीतच थंड होते. तिथे थंड हवा कुठून कुठे न्यायचीच नसते. इथे उलट आहे. हवा एका जागी थंड होते आणि मग ती दहा-बारा खोल्यांना वाटायची असते. डॅलस-ह्यूस्टनकडे घरं काँक्रीटच्या स्लॅबवर बसलेली, खाली तळघर नाही. म्हणून यंत्रही माळ्यावर आणि नळ्याही माळ्यावर. त्या ॲटिकमध्ये जुलैच्या दुपारी १३० अंश फॅरनहाइट सहज होतात, म्हणजे आपल्या हिशेबाने ५४ सेल्सिअस. घरातल्या सगळ्यात तापलेल्या जागेतून आपण सगळ्यात थंड हवा नेतो. ही रचना मला पटत नाही. पण घरं अशीच बांधली जातात, तर निदान नळ्या तरी सरळ हव्यात.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असं आपण म्हणतो. इथे आडात भरपूर आहे. पोहऱ्यात येत नाही.

थोडा हिशेब करू. एसीच्या दर टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरली पाहिजे, असा धंद्यातला नेम आहे. चार टनाचं यंत्र म्हणजे मिनिटाला १६०० घनफूट. बारा बाय बाराची, नऊ फूट उंचीची बेडरूम घ्या. तिच्यात १२९६ घनफूट हवा मावते. म्हणजे एका अख्ख्या बेडरूमहून जास्त हवा दर मिनिटाला त्या नळ्यांतून जायची आहे. आणि ती ढकलायला पंख्याकडे जोर किती? बऱ्याचशा घरगुती यंत्रांवर जो आकडा छापलेला असतो तो पाण्याच्या अर्ध्या इंचाचा. पेल्यात स्ट्रॉ घालून पाणी अर्धा इंच वर ओढायला जेवढा जोर लागेल, तेवढाच. त्यातला मोठा वाटा फिल्टर आणि हवा गार करणारी कॉइल खातात. नळ्यांच्या वाट्याला जे उरतं ते इतकं थोडं असतं की ते उधळायची सोयच नाही.

आता ही नळी पाहा. मी मुद्दाम एक तुकडा आणला आहे, पुढच्या रांगेपासून हातोहात फिरवा. आत पातळ प्लास्टिकची बाही आहे आणि तिच्यात तारेची स्प्रिंग. त्यावर फायबरग्लासची गादी आणि सगळ्यांत बाहेर चंदेरी आवरण. ही फ्लेक्स डक्ट. पंचवीस फूट नळी दाबून एका पिशवीत येते. एक माणूस ती खांद्यावर टाकून शिडी चढतो आणि काही मिनिटांत जोडून मोकळा होतो. पत्र्याच्या डक्टला कारागीर लागतो, माप लागतं, वेळ लागतो. म्हणून फ्लेक्स सगळीकडे पोचली. आणि मी तिच्या विरोधात नाही. पूर्ण ताणून, मोजून कापून, नीट टांगलेली फ्लेक्स चांगलं काम देते, हे मी स्वतः मोजून पाहिलं आहे.

हा तुकडा ताणून आत बोट फिरवा. गुळगुळीत लागेल. आता थोडा सैल सोडा. आत काय झालं? निऱ्या पडल्या. नऊवारीच्या निऱ्या पडाव्यात तशा प्लास्टिकच्या चुन्या तारांच्या मधून आत येतात. हवा सरळ जायची ती प्रत्येक निरीवर आपटते आणि तिथल्या तिथे घुटमळते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत हे नेमकेपणाने मोजलेलं आहे. बांधकामावर जितकी सैल नळी नेहमी दिसते, तेवढ्या सैलपणानेही हवेला होणारा अडथळा चौपट होऊ शकतो. आणखी दाबलेली असेल तर तो दहापटीच्या जवळ जातो. नळी फाटलेली नाही, गळत नाही, बाहेरून अगदी कोरी दिसते, आणि तरी चौपट अडथळा. पहिल्यांदा हे आकडे वाचले त्या दिवसापासून मी माळ्यावर चढलो की आधी नळी ताणलेली आहे का ते पाहतो, यंत्र मागून.

वळणांचंही तसंच. नळीच्या मध्यरेषेपाशी वळणाची त्रिज्या निदान नळीच्या व्यासाइतकी हवी. आठ इंची नळी असेल तर सोळा इंची परातीच्या काठावरून बोट फिरवा, कमीत कमी तेवढं ऐसपैस वळण. प्रत्यक्षात काय दिसतं? नळी यंत्राच्या पेटीतून निघते आणि लगेच कोपरात मोडते. किंवा खोलीत हवा सोडणाऱ्या छताच्या झरोक्यावर वरून येते आणि तिथे मान मोडल्यासारखी दुमडते. टांगण्याचे नियमही साधे आहेत. दर चार फुटांवर आधार, दोन आधारांमध्ये झोळ फुटामागे अर्ध्या इंचाहून जास्त नको, पट्टा निदान दीड इंच रुंद. मी पाहतो ते मात्र विजेची वायर बांधायच्या अरुंद पट्टीने आवळलेली नळी. बारीक कंबर केल्यासारखी. व्यास कमी झाला की काय होतं ते ध्यानात ठेवा. तेवढीच हवा आठ इंचाऐवजी सहा इंचांतून न्यायची म्हटली तर अडथळा चौपटीच्या वर जातो.

एका घराची गोष्ट सांगतो. आपल्याच एका कुटुंबाचं दुमजली घर, हातात येऊन दोन वर्षं झालेली. साताऱ्याहून आजी सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि गॅरेजवरची खोली त्यांना दिली होती. खाली ७४ अंश, आजींच्या खोलीत ८४. आजी तक्रार करायच्या नाहीत. दुपारी ओला पंचा खांद्यावर टाकून जिन्याच्या पायरीवर बसायच्या, तिथे गार लागतं म्हणून. मुलाला ते एक दिवस दिसलं आणि त्याने मला फोन केला. बिल्डरचा माणूस तोवर तीनदा येऊन गेला होता. दर वेळी गॅस तपासला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. गॅस ठीकच होता.

मी झरोक्यावर हवा मोजायचं यंत्र धरलं. कागदावर त्या खोलीला ११० सीएफएम लिहिलेले होते, सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट. यंत्रावर आले ३८. माळ्यावर रांगत गेलो. पेटीपासून झरोक्यापर्यंत अंतर सतरा फूट आणि नळी पुरी पंचवीस फूट, पिशवीतून काढली तशी. उरलेली आठ फूट नळी नागमोडी करून इन्सुलेशनमध्ये पुरलेली. मध्ये छप्पर तोलणाऱ्या लाकडी ट्रसच्या तिकोनी फटीतून ती ओढून नेलेली, तिथे चपटी झालेली. आणि झरोक्यावर मान मोडलेली. आठ फूट कापून काढली, ट्रसला वळसा देऊन नेली, झरोक्यावर पत्र्याचा कोपर बसवला, चार नवे पट्टे लावले. सामान शंभर डॉलरच्या आतलं. पुन्हा मोजलं तर ९७. त्या संध्याकाळी आजी वरच्या खोलीत पोथी वाचत बसल्या होत्या. दोन वर्षं त्या घराने जे सोसलं, ते एका कात्रीने टळलं असतं.

यावर एक उपाय सर्रास सुचवला जातो आणि तो घातक आहे. यंत्र मोठं घ्या. चार टनाचं काढून पाच टनाचं लावलं तर त्याला मिनिटाला २००० घनफूट हवा हवी. नळ्या त्याच, दुमडलेल्या. नवा पंखा हट्टाने जास्त जोर लावतो, वीज खातो, झरोके शिट्ट्या मारतात. कॉइलवरून हवा कमी गेली तर त्यावर बर्फ धरतो. यंत्राजवळच्या खोल्या लगेच गार होतात, थर्मोस्टॅट यंत्र बंद करतो, आणि दमटपणा घरातच राहतो. ह्यूस्टनच्या मंडळींना हे जास्त भोगावं लागतं. गरम खोली गरमच राहते.

मघाशी एका ताईंनी विचारलं, "आमच्या घराची डक्ट टेस्ट झाली होती, सर्टिफिकेट आहे. मग हे कसं?" फार नेमका प्रश्न आहे. ती चाचणी गळतीची असते. सगळे झरोके बंद करून नळ्यांत २५ पास्कल दाब देतात आणि हवा किती निसटते ते मोजतात. ऊर्जासंहितेत मर्यादा साधारण अशी आहे की दर १०० चौरस फुटांमागे ४ सीएफएम. म्हणजे २५०० चौरस फुटांच्या घराला १०० सीएफएम. चाचणी गरजेची आहेच. एनर्जी स्टार हा इथल्या सरकारचा ऊर्जाबचतीचा कार्यक्रम सांगतो की साध्या घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. पण घागर गळत नाही एवढंच त्यातून कळतं. घागरीच्या तोंडात बोळा बसला आहे का, ते कळत नाही. आजींच्या घराचंही सर्टिफिकेट होतं, आणि ते खोटं नव्हतं.

काम करणाऱ्यांविषयी बोललंच पाहिजे, कारण आपण चटकन त्यांना नावं ठेवतो. जो मुलगा ही नळी लावतो त्याला बहुतेक ठिकाणी घरामागे पैसे मिळतात, तासामागे नाहीत. तो त्या भट्टीत गुडघ्यांवर आहे, संध्याकाळपर्यंत दुसरं घर गाठायचं आहे. आठ फूट नळी कापून पुन्हा जोडायची म्हणजे आतली बाही वेगळी आवळायची, मॅस्टिक म्हणजे सांधे बुजवायचा लेप लावायचा, मग बाहेरचं आवरण. त्या वाढीव वेळाचे त्याला कुणी पैसे देत नाही. त्याला नक्की किती नळी कुठून न्यायची हा नकाशाही पुष्कळदा दिलेला नसतो. नकाशा काढायची पद्धत आहे. खोलीखोलीचा भार काढायचा, त्यावरून यंत्र ठरवायचं, मग नळ्यांची मापं. मॅन्युअल जे, एस आणि डी अशी त्यांची नावं आहेत. कार्यालयात ती कागदपत्रं असतात. माळ्यावर पोचत नाहीत. माझा राग त्या फाइलवर आहे जी शिडी चढत नाही.

मग करायचं काय? ज्यांचं घर अजून उभं राहतं आहे त्यांच्या हातात सगळ्यात जास्त आहे. सांगाडा उभा राहिला, नळ्या पडल्या आणि ड्रायवॉल, म्हणजे भिंती-छताच्या जिप्समच्या पाट्या, लागायची आहे, असे मोजके दिवस मिळतात. दुमजली घरात खालच्या मजल्याच्या नळ्या छताच्या पोकळीतून जातात, त्या ड्रायवॉलमागे गेल्या की झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसांत परवानगी घेऊन जा. प्रत्येक नळीचा फोटो काढा, पट्टी धरून. कुठे झोळ आहे, कुठे दुमडली आहे, कुठे दोन नळ्या एकमेकींना चिकटल्या आहेत. चिकटलेल्या नळ्यांच्या फटीत दमट हवेत पाणी धरतं आणि छतावर पिवळे डाग येतात. जोडावर साधी कापडी डक्ट टेप दिसली तर बदलून मागा. नावात डक्ट असलं तरी ती उष्णतेत सुटते, बर्कलीच्याच लोकांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं. आणि बिल्डरकडे एक कागद मागा, ज्यावर प्रत्येक खोलीपुढे सीएफएम लिहिलेले असतात. ताबा घेण्याआधी झरोक्यांवर मोजून तो आकडा ताडून पाहा. तपासनीस नेमताय तर त्याला आधीच विचारा, हवा मोजायचं यंत्र आणणार का?

ज्यांना घर मिळून गेलं आहे, त्यांनी वॉरंटीचं पहिलं वर्ष संपायच्या आत, अकराव्या महिन्यात, हीच तपासणी करून घ्यावी आणि तक्रार लेखी द्यावी. 'खोली गरम होते' असं लिहू नका. '११० पाहिजेत, ३८ येतात' असं लिहा. पहिल्या वाक्यावर गॅस तपासणारा माणूस येतो, दुसऱ्यावर नळी पाहणारा.

एक गोष्ट खास आपल्या घरांची. गणपतीचं मखर, आकाशकंदील, फराळाची मोठी पातेली, सगळं आपण माळ्यावर ठेवतो. गेल्या वर्षी एका घरी मखराचं खोकं सरळ नळीवर टेकवलेलं सापडलं, आणि खालच्या मुलीच्या खोलीत भाद्रपदापासून उकडत होतं म्हणे. खोकी फळ्यांवर ठेवा. नळीला मोकळं असू द्या.

मागच्या रांगेतल्या काकांनी आत्ताच हात वर केला. त्यांच्या मुलाच्या घराला पुढच्या आठवड्यात ड्रायवॉल लागणार आहे. काका, शनिवारी सकाळी सातला जाऊ, ऊन चढायच्या आत. टॉर्च आणि पट्टी मी आणतो. मुलाला तो खोलीवार आकड्यांचा कागद आजच मागवून ठेवायला सांगा.